राखीव रायडर

माझा मुलगा ज्या मोटारसायकलवर शर्यत करतो तिला ब्रेक नसतो. हे मला गाडी आल्यानंतर कळलं. बेंगळूरच्या कारखान्यांच्या भागात, पीण्यात, माझ्या नवऱ्याचं छोटं वर्कशॉप आहे, दोन लेथ आणि एक मिलिंग मशीन. तिथं कोपऱ्यात ती उभी होती, सायकलीसारखी बारीक, ना दिवा ना मडगार्ड. मी हँडल धरून पाहिलं. क्लचची दांडी होती, दुसऱ्या बाजूला काहीच नव्हतं.

"ही तुटलीय का इकडची?" मी विचारलं.

हे हसले. "या खेळात ब्रेक नसतोच गं."

या खेळाला स्पीडवे म्हणतात. मातीचा लंबगोल ट्रॅक, एका वेळी चौघं, चार फेऱ्या, आणि सगळी वळणं डावीकडे. वळणावर गाडी आडवी घसरवायची आणि घसरत असतानाच गॅस पिळून धरायचा. चहा गार व्हायच्या आत शर्यत संपते. आपल्याकडे हा खेळ फारसा कुणाला माहीत नाही. पण बेंगळूरात गाड्यांच्या मागे लागलेले लोक काही कमी नाहीत. त्यातल्याच एकानं, जुन्या काळी शर्यती केलेल्या गृहस्थानं, तुमकूर रस्त्यावरून आत बंद पडलेल्या वीटभट्टीच्या जागेवर ट्रॅक तयार केला आणि पोरं गोळा केली. त्यांना सगळे मेष्ट्रु म्हणतात, आम्हीही. कन्नडमध्ये मास्तरला म्हणतात तसं.

मी स्वतः एका दवाखान्यात एक्स-रे काढते, चामराजपेटेतल्या आमच्या घरापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर. मोडलेली हाडं लग्नाआधीपासून बघत आलेय. मुलाच्या खांद्याचं हाड मोडलं तेव्हा त्याचा फोटो मीच काढला. त्याला प्लेटसमोर उभं करताना माझे हात नेहमीसारखेच चालले, आणि आत अंधाऱ्या खोलीत गेल्यावर मी दार लावून खाली बसले. सहा आठवड्यांनी तो परत वीटभट्टीवर होता. त्याच्या वडिलांनी अडवावं असं मला वाटलं, पण हेच त्याचं इंजिन खोलून बसलेले असत. मी काही बोलले की दोघं एकदम म्हणायचे, "स्वल्प थांब," म्हणजे जरा थांब, आणि तो विषय तिथंच थांबायचा.

टीममध्ये दुसरा एक चांगला रायडर होता, निपाणीकडचा. आमच्या वर्कशॉपच्या मागच्या गल्लीतल्या कारखान्यात तो मशीनवर काम करायचा. एकदा कसलासा पार्ट करून घ्यायला आला, तर हे फोनवर माझ्याशी बोलत होते. फोन ठेवेपर्यंत तो दारात थांबला आणि म्हणाला, "काका, तुम्ही मराठी?" आमच्या घराण्याला इथं येऊन शेकडो वर्षं झाली. आमची मराठी ऐकून पुण्याकडचे लोक तोंड फिरवून हसतात. हा मात्र हसला नाही. त्याची स्वतःची भाषाही अर्धी इकडची, अर्धी तिकडची. त्या रविवारी तो आमच्याकडे जेवला, आणि मग दर रविवारी. माझ्या मुलानं त्याला गाडीवर बसवलं, आणि वर्षभरात तो माझ्या मुलापेक्षा जोरात पळवायला लागला.

जागतिक अजिंक्यपदाच्या पात्रता फेरीत आपल्या देशाला एक जागा मिळाली आणि एक राखीव. मेष्ट्रुंनी वीटभट्टीवर चाचणी ठेवली. निपाणीचा पुढे राहिला, अगदी थोड्यानं. राखीवमध्ये माझा मुलगा. राखीव म्हणजे काय ते त्यानं मला रविवारी जेवताना समजावून सांगितलं. कपडे घालून, गाडी तापवून तयार उभं राहायचं. कुणी पडलं, जखमी झालं, तरच ट्रॅकवर जायचं.

"म्हणजे कुणी पडलं नाही तर तू नुसता उभा?" मी विचारलं.

"हो."

"सरी, ठीक आहे," मी म्हणाले. मला फार बरं वाटलं. वाढताना मी त्याला आणि निपाणीच्याला सारखंच तूप वाढलं, पण मला बरं वाटलं होतं.

ते चौघं गेले, मेष्ट्रु, दोघं रायडर आणि मेकॅनिक म्हणून माझा नवरा. युरोपातलं एक छोटंसं गाव, गाड्या तिथंच भाड्यानं घ्यायच्या होत्या. जाण्याआधी निपाणीचा मला म्हणाला, "काकू, आमच्या गावात रेंज नसते. आई शर्यत बघायला यील का तुमच्याकडं?" मी म्हणाले, विचारतोस काय, पाठव. शर्यतीच्या दिवशी सकाळी ती बसनं आली. वडील म्हशींमुळे येऊ शकले नव्हते. माझ्याच वयाची, उंच बाई. पिशवीत धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि माझ्यासाठी खण. आम्ही पहिल्यांदाच भेटत होतो. मी तिला अक्का म्हणाले, ती मला ताई म्हणायला लागली.

तिकडची दुपार म्हणजे इकडची संध्याकाळ. मी फोन टीव्हीला जोडला. कॉमेंट्री कुठल्या भाषेत होती ते दोघींनाही कळत नव्हतं. तिला खेळ माहीत नव्हता. पोरगा गाडी पळवतो, एवढंच तिला ठाऊक. मी सांगितलं की प्रत्येकाला पाच वेळा पळायचं असतं, पहिल्याला तीन गुण, मग दोन, मग एक, शेवटच्याला काही नाही, आणि शेवटी ज्यांचे गुण जास्त ते पुढच्या फेरीत. हेल्मेटवरच्या कापडाचा रंग दर वेळी बदलतो, तेही सांगितलं.

"मग आमचा कुठला वो ताई?"

"आत्ता निळा."

गाड्या सुटल्या आणि तिनं पदर तोंडावर घेतला. संपेपर्यंत काढला नाही. पहिल्या शर्यतीत तो शेवटचा आला. दुसऱ्यात तिसरा. तिसऱ्या वेळी लाल हेल्मेट होतं, आणि शेवटच्या वळणावर त्यानं बाहेरून एकाला मागं टाकलं, दुसरा आला. मी ओरडलेच. ती पदराआडून विचारत होती, "काय झालं? पडला का?" मी म्हणाले, "अक्का, दुसरा आला! ज्यांच्याकडं हा खेळ लहानपणापासून खेळतात त्यांच्यातल्या दोघांना त्यानं मागं टाकलं." तिनं पदर खाली केला, पण तेव्हा पडद्यावर ट्रॅकवर पाणी मारणारा ट्रॅक्टर होता. ती त्या ट्रॅक्टरकडेच बघून हसली.

मधूनमधून कॅमेरा गाड्या उभ्या करायच्या जागेकडे वळायचा. एकदा माझा मुलगा दिसला. अंगात सगळा पोशाख, हेल्मेट काखेत. हे खाली वाकून निपाणीच्याच्या गाडीची साखळी बघत होते.

चौथ्या शर्यतीत तो पांढऱ्या रंगात होता. सुरुवात चांगली झाली, तो आतल्या बाजूनं दुसरा होता. दुसऱ्या वळणावर घसरत असलेली गाडी एकदम सरळ झाली. मला त्यातलं फारसं कळत नाही, पण आडवी जाणारी गाडी अशी मध्येच सरळ झाली की ती कुंपणाकडेच जाते, एवढं घरातल्या बोलण्यातून माहीत होतं. वळणावर हवेनं फुगवलेल्या गाद्या लावलेल्या होत्या. त्या जिथं संपतात आणि लाकडी फळ्या सुरू होतात, तिथं तो गेला. गाडी वर उडाली. तो फळीला पाठीनं आदळला आणि खाली पडला.

त्याचं पडणं मी पाहिलं. कुणी हातावर पडतं, कुणी खांद्यावर, मग वळवळतं, गुडघा जवळ घेतं. हा कमरेतून दुमडल्यासारखा पडला आणि पाय तसेच राहिले, जसे पडले तसे.

"उठला का?" ती पदराआडून म्हणाली.

कॅमेरा दुसरीकडे वळला, प्रेक्षक दाखवायला लागला.

"ताई, उठला का त्यो?"

"नाही अजून," मी म्हणाले. "हात हलवला. हात मी पाहिला."

तिनं पदर काढला. पडद्यावर आता जाहिरात होती. मी ह्यांना फोन लावला. उचलला नाही. मेष्ट्रुंना लावला, बंद. मुलाला लावला, तोही उचलेना. ती माझ्या शेजारी पाटावर बसली होती, सोफ्यावर बसायला नको म्हणाली होती सकाळपासून. मी फोन लावत होते आणि ती प्रत्येक वेळी माझ्या तोंडाकडं बघत होती. मी दवाखान्यात लोकांना रोज काय करायचं ते सांगते. श्वास घ्या, थांबा, हलू नका. इथं मी उठून तिच्यासाठी पाणी आणलं, आणि मग स्वतःच ते पिऊन टाकलं.

शेवटी ह्यांचा फोन आला. मागं इंजिनांचा आवाज इतका की ओरडावं लागत होतं.

"शुद्धीवर आहे. बोलतोय. मेष्ट्रु त्याच्याबरोबर ॲम्ब्युलन्समधून गेलेत."

"पाय?" मी विचारलं.

ते म्हणाले, "डॉक्टर बघतायत. ऐक, त्याची एक शर्यत बाकी आहे. ती आता आपल्याला आहे."

"आपल्याला म्हणजे?"

"अगं, राखीव कोण आहे?"

मी म्हणाले, नको. दोन-तीनदा म्हणाले. पण इंजिनच्या आवाजात त्यांना ऐकू गेलं की नाही मला माहीत नाही. फोन बंद झाला होता. मी अक्काला सांगितलं की तो शुद्धीवर आहे, बोलतोय, दवाखान्यात नेलंय. आणि मग माझ्या मुलाबद्दलही सांगितलं. तिच्यापासून ते लपवणार कसं, समोर टीव्ही चालूच होता.

तो आला. पिवळं हेल्मेट. सुरुवातीच्या दोरीपुढं गाडी लावली, बुटाच्या टाचेनं चाकाखालची माती सारखी केली, इकडं वीटभट्टीवर करतो तशीच. मी बघू शकले नाही. डोळे मिटून, कानांवर हात घेऊन बसले. तेव्हा अक्का उठली. स्वतःच्या मुलाची एकही शर्यत तिनं पाहिली नव्हती. ती टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिली आणि माझ्यासाठी बघायला लागली.

"निघाला," ती म्हणाली. "मागं हाय. मागंच हाय. बसलाय नीट. ... वळला. ... ह्ये वळण पण झालं. ... एक मागं पडला वो त्याच्या. ... बसलाय, बसलाय."

ती ते शेवटपर्यंत म्हणत राहिली. मग म्हणाली, "उतरला बाई. गाडी लावली त्यानं. बघा आता." मी डोळे उघडले तेव्हा ती भिंतीला हात टेकून उभी होती.

माझा मुलगा तिसरा आला, एक गुण. दोघांचे गुण मिळवूनही काही उपयोग नव्हता. पुढच्या फेरीत आपलं कुणी गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी तिथल्या दवाखान्यातल्या फोटोंचे फोटो माझ्या फोनवर पाठवले. कमरेच्या वरचा एक मणका चेपला होता, आणि त्याचा तुकडा मागं, जिथून नसा जातात त्या जागेत सरकला होता. आमच्या खात्यात एक नियम आहे. फोटो काढणाऱ्यानं फोटो सांगायचा नाही. इतकी वर्षं हजारो लोकांना मी एकच उत्तर दिलंय, रिपोर्ट डॉक्टर सांगतील. पण अक्का माझ्या स्वयंपाकघरात उभी होती आणि तिला कुठला डॉक्टर सांगणार होता?

"काय दिसतंय ताई?"

"मणका मोडलाय."

"चालंल का त्यो?"

"ते यात दिसत नाही, अक्का."

हे खरं होतं. फोटोत हाड दिसतं, नस कितपत दुखावली ते दिसत नाही. मी ते फोटो आमच्या हाडांच्या डॉक्टरांना दाखवले. ते बराच वेळ मोठे करून बघत राहिले आणि म्हणाले, "ऑपरेशन लगेच केलं असेल तर चांगलं. पुढचं आता वेळच ठरवेल." मी घरी जाऊन तेवढंच सांगितलं.

तिच्याकडे पासपोर्ट नव्हता. ह्यांनी तिकडून धडपड केली, मी इकडं खेपा घातल्या, पण पासपोर्ट, मग व्हिसा, असं करताना दिवस जात राहिले आणि शेवटी तोच परत येणार असं ठरलं. तोपर्यंत ती आमच्याकडेच राहिली. मेष्ट्रु आणि माझा मुलगा आधी परतले. हे त्याच्यापाशी थांबले. ती सकाळी लवकर उठून आमच्या दारात रांगोळी काढायची, माझ्या आधी भाजी चिरून ठेवायची. मी नको म्हटलं तर म्हणायची, "हात रिकामे ठेवून काय करू?" चिकपेटेत एकदा तिला बरोबर नेलं, जरा बाहेर पडेल म्हणून. साड्यांच्या दुकानात गादीवर बसली, दुकानदारानं साड्या उलगडल्या, आणि ती त्या ढिगाकडे बघत राहिली. मी काही न घेता तिला परत घेऊन आले.

रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल व्हायचा. हे फोन त्याच्या तोंडासमोर धरायचे.

"आई, बरा हाय मी."

"पाय दाखव."

"पाय हायत गं."

"मग दाखव की."

हे जरा घुटमळले, मग फोन खाली नेला. पांढऱ्या चादरीतून बाहेर आलेले दोन पाय. नखं वाढलेली होती.

"हलीव," ती म्हणाली.

पाय तसेच होते. मग त्याचा आवाज आला, "झोपलेत ते, आई. उठतील."

माझा मुलगा मागं उभा राहून हे ऐकत होता. तो आत गेला. त्या रात्री जेवला नाही. मी त्याला विचारलं, "तू कशाला गेलास ट्रॅकवर? नाही म्हणता आलं नसतं?"

"मेष्ट्रु म्हणाले होते, नाही गेलास तरी चालेल. मीच गेलो."

"का पण?"

"त्याची शर्यत होती, आई. रिकामी कशी सोडायची?"

मला राग आला होता आणि त्याचं म्हणणं कळतही होतं, आणि दोन्हींचं काय करायचं ते माझ्या हातात नव्हतं.

निपाणीचा परत आला तेव्हा आम्ही सगळे विमानतळावर होतो. चाकाच्या खुर्चीत बसलेला, बारीक झालेला. अक्का पळत गेली नाही. हळू चालत गेली, त्याच्यासमोर जमिनीवर बसली आणि त्याचे बूट काढले. मोजे काढले. दोन्ही तळपाय हातात घेतले. उजव्या अंगठ्यात थोडी हालचाल आली होती. ती त्यानं तिला तिथंच, लोकांच्या गर्दीत करून दाखवली.

नंतरचे काही महिने ती दोघं आमच्याकडेच राहिली, आणि तो आमच्या दवाखान्यात व्यायामाला यायचा. उजवा पाय बराच परत आला. डाव्या पायाचं पाऊल मात्र लोंबतं, त्याला पट्टा लावावा लागतो. वॉकर घेऊन तो चालतो. दर काही आठवड्यांनी त्याचा एक्स-रे मी काढायची. "श्वास घ्या, थांबा," मी काचेआडून म्हणायची, आणि तो मुद्दाम "सरी मॅडम" म्हणायचा. मणक्यातले स्क्रू प्रत्येक फोटोत तसेच असायचे. बाहेर आल्यावर तो विचारायचा नाही, आणि मीही सांगायची नाही.

निपाणीला जाण्याआधी त्यानं एकदा वीटभट्टीवर नेण्याचा हट्ट धरला. अक्का नको म्हणाली आणि मग आलीही. मी तिथं तोपर्यंत कधीच गेले नव्हते. हे गाडी चालवत होते. आम्ही ट्रॅकच्या कडेला गाडी लावली, आणि तो दार उघडून सीटवरच बसून राहिला, वॉकर पुढ्यात.

माझा मुलगा सराव करत होता. पुढच्या पात्रता फेरीसाठी या वेळी त्याचंच नाव गेलं होतं, राखीव नाही, मुख्य जागेवर. मला ते मेष्ट्रुंकडून कळलं. घरी त्यानं किंवा ह्यांनी कुणीच तो विषय काढला नव्हता. त्याची मोटारसायकल आमच्यासमोरच्या वळणावर आली, आडवी झाली, माती आमच्या काचेवर उडाली. वळणाच्या मध्यावर इंजिनचा आवाज जरासा खाली आला.

निपाणीचा वॉकरवर जोर देऊन अर्धा उभा राहिला आणि कन्नडमध्ये ओरडला, "बिडबेड! गॅस बिडबेड!" सोडू नको, गॅस सोडू नको. मग धपकन खाली बसला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "काकू, मी तिथं सोडला होता. जरासाच. भीती वाटली म्हणून."

पुढच्या फेरीला गाडी पुन्हा त्या वळणावर आली. या वेळी आवाज खाली आला नाही. निपाणीचा टाळ्या वाजवत होता. मला ओरडून थांब म्हणायचं होतं, बाजूला घे, उतर, आणि मला हेही कळत होतं की वळणात आलेल्याला आता थांब म्हणणं हेच सगळ्यात वाईट. मी तोंड बंद ठेवलं. अक्कानं माझा दंड धरला होता. तिची बोटं नंतर बराच वेळ माझ्या हातावर उमटलेली होती.

ती दोघं त्याच आठवड्यात निपाणीला गेली. तो आता तिथं एका शोरूममध्ये बसून काम बघतो. फोन करतो तेव्हा ह्यांच्याशी इंजिनबद्दल बोलतो, माझ्या मुलाशी वळणांबद्दल, आणि माझ्याशी जेवणाबद्दल. माझा मुलगा पुढच्या महिन्यात जाणार आहे. परवा त्याचा पोशाख मी धुतला. कोपराजवळ शिवण उसवली होती, ती शिवून दिली. दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं.